डिचोली शोधायची तर 'डी' दाबू नका: रेकॉर्डरवरचे शोधशब्द

रेकॉर्डिंगवाल्या सेटटॉप बॉक्सवर डिचोलीचा एखादा कार्यक्रम शोधायचा असेल, तर 'डी' या अक्षराने सुरुवातच करू नका. टीव्हीच्या वेळापत्रकात गोव्यातलं हे गाव बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम असं येतं. पेडणे पी-ई-आर-एन-ई-एम होतं, साखळी एस-ए-एन-क्यू अशी सुरू होते आणि केपे तर थेट क्यूपासून. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पण त्यांची स्पेलिंगं पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर राहिली, तिथून ती टीव्हीवर आली. मडगावचे तर दोन अवतार आहेत. रेल्वे एम-ए-डी-जी-ए-ओ-एन लिहिते, बाकीचे बहुतेक एम-ए-आर-जी-ए-ओ. बॉक्सला हे एकच गाव आहे याचा पत्ता नसतो. अक्षराला अक्षर जुळलं तर तो दाखवतो, नाही जुळलं तर 'काही सापडलं नाही' म्हणून मोकळा होतो.

शोधशब्द निवडायचं सगळं कसब यातच आहे. कुठल्यातरी कार्यालयात कुणीतरी घाईघाईने रोमन लिपीत जे टंकलं, त्याच्याशी आपला शब्द जुळायला हवा. म्हणून पूर्ण नाव टाकायच्या फंदात पडू नये. त्या नावातला असा तुकडा टाकावा, की टंकणाऱ्याने स्पेलिंग कसंही केलं तरी तो तसाच राहील.

(या लेखात रोमन अक्षरं देवनागरीत, मध्ये रेघा घालून लिहिली आहेत. बॉक्सवर टाकताना रेघा अर्थातच गाळायच्या.)

आणखी एक गोष्ट, खरेदीला निघालेल्यांसाठी. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानात नुसतं 'डीव्हीआर' (म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर) द्या म्हटलं तर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा डबा पुढ्यात येतो. दोन्हींचं नाव एकच, काम वेगळं. 'रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स' म्हणा. काही बॉक्समध्ये डिस्क आतच असते, काहींना मागच्या यूएसबी खाचेत बाहेरची डिस्क जोडावी लागते. दुसऱ्या प्रकारात केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सपुरतं कुलूपबंद असतं. डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर काही दिसत नाही, आणि लॅपटॉप 'फॉर्मॅट करू का' असं विचारतो. त्याला हो म्हणालात तर सगळं गेलं.

वेळापत्रक रोमनमध्येच का

डिशवरून किंवा डिजिटल केबलवरून चित्र आणि आवाज येतो, त्याच्या सोबतच कार्यक्रमांची यादीही वाहत असते. प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवातीची वेळ, कालावधी, नाव आणि थोडकं वर्णन त्यात असतं. ज्या मानकावर हे चालतं त्या डीव्हीबीमध्ये मजकुराची मूळ अक्षरमाला लॅटिन आहे. देवनागरी पाठवता येते, मनाई नाही. पण नाव आणि थोडकं वर्णन मिळून २५५ बाइटांच्या एका डब्यात बसवावं लागतं. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या नेहमीच्या संकेतपद्धतीत तीन. म्हणजे काना-मात्रा धरून ८० च्या आसपास चिन्हं झाली की डबा भरला. शिवाय बॉक्समध्ये देवनागरीचा फॉन्ट हवा, नाहीतर पडद्यावर चौकोनच चौकोन. त्यापेक्षा रोमनमध्ये लिहिणं सोपं, म्हणून तेच चालू आहे.

हेच २५५ बाइट दुसऱ्या एका गोंधळाचंही मूळ आहे. वर्णन मध्येच तुटतं. 'कलाकार' म्हणून चार नावं असतील तर तिसऱ्याच्या आडनावावर गाडी थांबते. चौथ्या कलाकाराच्या नावाने शोधाल तर तो चित्रपट मिळणार नाही, असला तरी.

बॉक्स कुठून जुळवतो, ते आधी तपासा

शोधशब्द निवडण्याआधी दोन मिनिटांची चाचणी करा. आत्ता लागलेला, दोन शब्दांच्या नावाचा कुठलाही कार्यक्रम घ्या. शोधात फक्त दुसरा शब्द टाका. कार्यक्रम आला नाही, तर तुमचा बॉक्स नावाच्या पहिल्या अक्षरापासूनच जुळवतो. आला, तर पुढची पायरी: त्याच शब्दाची मधली चार अक्षरं टाका. तरीही आला, तर बॉक्स कुठूनही जुळवतो. नाही आला, तर तो प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो.

तिसरी चाचणी वर्णनाची. चालू कार्यक्रमाची माहिती उघडा. जो शब्द वर्णनात आहे पण नावात नाही असा एखादा निवडा आणि तो शोधा. पुष्कळ बॉक्स फक्त नावात शोधतात. तसं असेल तर गायकाच्या नावाने मैफल शोधणं सोडून द्या, कारण नावात 'संगीत सभा' एवढंच असतं आणि गायक वर्णनात.

रिमोटवर बोलून शोधायची सोय असेल तर ती या कामाला फारशी उपयोगी पडत नाही. अँड्रॉइडवर चालणारे बॉक्स बोललेलं बहुतेक वेळा ओटीटी आणि व्हिडिओच्या ढिगात शोधतात. आठवड्याचं वेळापत्रक बाजूला राहतं. वेळापत्रकाच्या पडद्यावर जाऊन तिथला शोध उघडावा आणि अक्षरं एकेक करून टाकावीत. म्हणूनही तुकडा लहान असलेला बरा. पडद्यावरच्या कीबोर्डवर बाण दाबत बारा अक्षरं टाकायची म्हणजे पन्नास-साठ वेळा बटण दाबणं आलं.

तुकडा कसा निवडायचा

मराठी शब्द रोमनमध्ये जाताना काही ठरावीक जागी फुटतो. दीर्घ 'आ' कधी एक ए, कधी दोन. 'ई' कधी आय, कधी दुहेरी ई. 'ऊ' कधी यू, कधी दुहेरी ओ. 'व' म्हणजे व्ही किंवा डब्ल्यू, 'फ' म्हणजे एफ किंवा पी-एच, 'क्ष' म्हणजे के-एस-एच किंवा सरळ एक्स. शेवटचा 'अ' कधी लिहितात, कधी गाळतात. गोव्यात त्यावर आणखी एक थर आहे. रोमी कोकणीत 'श' साठी एक्स येतो आणि 'जत्रा' झेडने लिहिणारे पुष्कळ आहेत.

म्हणून निवडायचा तुकडा या जागांपासून दूर हवा. शिगमो घ्या. एस-एच-आय-जी-एम-ओ, एक्स-आय-जी-एम-ओ आणि शेवटी 'उत्सव' लागलेला शिगमोत्सव, या तिन्हींत आय-जी-एम-ओ समान आहे. बॉक्स मधूनही जुळवत असेल तर ही चार अक्षरं पुरतात. 'शिमगा' मात्र त्यात येत नाही, तो वेगळा शोधावा लागतो. बॉक्स शब्दाच्या सुरुवातीपासूनच जुळवत असेल तर इलाज नाही, एस-एच-आय-जी आणि एक्स-आय-जी असे दोन शोध करायचे.

तुकडा लहान केला की दुसरा त्रास सुरू होतो, नको ते गळाला लागतं. याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या राज्याचंच नाव. जी-ओ-ए टाका आणि बघा. 'गोल' या इंग्रजी शब्दात तीच तीन अक्षरं आहेत, 'गोट' म्हणजे बकरीतही आहेत. फुटबॉलच्या गोलांचे सगळे संकलित कार्यक्रम आणि प्राण्यांच्या वाहिनीवरची डोंगरी बकरी, असं सगळं गोव्याच्या नावाखाली गोळा होतं. जी-ओ-ए नंतर एक मोकळी जागा टाकून बघा. काही बॉक्स ती मानतात, काही गुपचूप कापून टाकतात. मानली तर बकऱ्या जातात, पण ज्या नावाचा शेवटच 'गोवा' आहे तेही जातं, कारण तिथे पुढे मोकळी जागा नसते. मग आधी जागा आणि नंतर जी-ओ-ए असा दुसरा शोध घ्यायचा. त्यात बकरी परत येऊ शकते. दोन्ही याद्या डोळ्यांखालून घालणं हाच त्यातला कमी त्रासाचा मार्ग.

विठ्ठलाचंही तेच. स्पेलिंगं तीन तरी आढळतात: व्ही-आय-टी-टी-एच-ए-एल, मधे टी-एच दोनदा आलेलं, आणि एकच टी असलेलं. तिन्हींत टी-एच-ए-एल आहे, म्हणून तो तुकडा चांगला वाटतो. पण 'थाळी'तही तोच आहे. विठ्ठल शोधायला जावं आणि समोर सोलकढीसकट माशांची थाळी यावी, आषाढीच्या दिवशी हे जरा अवघडच. त्यापेक्षा पंढरपूर बरं. पी-ए-एन-डी-एच-ए-आर ही सात अक्षरं कुणी सहसा बदलत नाही, आणि पंढरपूर, पंढरी, पंढरीनाथ सगळे त्यात येतात. 'वारी' शोधायच्या भानगडीत पडू नका. व्ही-ए-आर-आय मध्ये इंग्रजी 'व्हरायटी' सापडते आणि डब्ल्यू-ए-आर-आय मध्ये देशभरातले तिवारी.

'अभंग' हा मात्र गुणी शब्द. ए-बी-एच-ए-एन-जी, फाटे नाहीत. 'कीर्तन'मध्ये फूट 'की'वर पडते, म्हणून आर-टी-ए-एन घ्यावं. सोबत 'नर्तन' आणि हिंदीतले 'बर्तन' येतील, पण ते मोजकेच. 'नाट्य'साठी ए-टी-वाय-ए घेऊ नका. त्यात 'सत्या' आहे, आणि दाक्षिणात्य चित्रपटांच्या हिंदी अवतारांत सत्या नावाच्या नायकांना तोटा नाही. तिथे एन-ए-टी-वाय-ए आणि एन-ए-ए-टी-वाय-ए असे दोन वेगळे शोधच परवडतात.

माणसांच्या बाबतीत आडनाव घ्यावं, पहिलं नाव नको. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पहिल्या नावात 'क्ष' आहे, म्हणजे दोन स्पेलिंगं आधीच तयार. बी-ई-आर-डी-ई मध्ये काही फुटत नाही. दीनानाथ मंगेशकरांचं 'दी' दोन तऱ्हांनी लिहितात. मंगेशकर शोधलं तर पूर्ण घराणं मिळतं, जे बहुतेकांना चालतं. गोव्याच्या गायकांमध्ये आमोणकर आणि केरकर ही आडनावं सरळ आहेत. आमोणकरांचा 'आ' कुणी दोन ए घालून लिहिला तरी ए-एम-ओ-एन-के-ए-आर त्यात राहतंच.

दोन सापळे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जितेंद्र अभिषेकींना शोधताना शेवटचा आय विसरलात तर अभिषेक बच्चनचे सगळे चित्रपट रांगेत उभे राहतात. मोगूबाई कुर्डीकरांना शोधताना के-यू-आर-डी-आय वर थांबलात तर वृत्तवाहिन्यांवरचे कुर्दिश लोकांवरचे कार्यक्रम येतात, कारण 'कुर्दिश'ची पहिली पाच अक्षरं हीच. पुढचा के टाकला की प्रश्न सुटतो.

एकदाचा शोध आणि कायमचा नियम

हाताने शोधून एकेक कार्यक्रम रेकॉर्डिंगला लावणं वेगळं आणि शोधशब्दाचा नियम करून बॉक्सवर सोडून देणं वेगळं. दुसरी कल्पना अमेरिकेत टिवो या रेकॉर्डरने लोकप्रिय केली. टिवो १९९९ साली बाजारात आला आणि त्यातल्या 'विशलिस्ट'मध्ये शब्द एकदा भरून ठेवला की तो नाव किंवा वर्णनात जिथे येईल तो कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होत असे. शब्दाच्या शेवटी तारा (*) घालून 'पुढे काहीही चालेल' असंही सांगता येई. आपल्याकडे २००८ साली टाटा स्काय प्लस आला, तेव्हापासून घराघरांत 'मालिका रेकॉर्ड' माहीत आहे. पण मालिकेचा दुवा आणि शोधशब्दाचा नियम या दोन गोष्टी आहेत. दुवा एका मालिकेला, एका वाहिनीवर बांधलेला असतो. वाहिनीने नवीन पर्वाचं नाव जरा बदललं, मागे '२' जोडला, की दुवा तुटू शकतो.

तुमच्या बॉक्सला नियमाची सोय नसेल तर ठरलेल्या दिवशी हाताने शोधायची सवय लावा. वेळापत्रक साधारण सात दिवसांचं येतं आणि शेवटचे दोन दिवस बहुधा अर्धवट भरलेले असतात. म्हणून आठवड्यातून एकदा शोधलं तर शेवटच्या दिवसांतलं निसटतं. चार-पाच दिवसांनी शोधणं योग्य.

नियमाची सोय असेल तर खरी डोकेदुखी जास्तीच्या रेकॉर्डिंगची. मराठी मालिका संध्याकाळी लागते, रात्री उशिरा परत लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पुन्हा. तीच वाहिनी एसडी आणि एचडी अशा दोन क्रमांकांवर असते. नुसत्या नावाचा नियम केला तर एका भागाच्या आठ प्रती. हिशोब करा: प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिटचा असेल तर तासाला ३.६ जीबी लागतात, ४ मेगाबिटला १.८ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कवर पहिल्या दराने १३५ तासांच्या आसपास मावतात. अर्ध्या तासाची एक मालिका आठ प्रतींनी रोज धरली तर ही डिस्क पाच आठवड्यांत संपते, आणि मग बॉक्स सर्वांत जुनं पुसायला घेतो. सर्वांत जुनं म्हणजे नेमकं तुम्ही जपून ठेवलेलं.

म्हणून नियमाला वाहिनी बांधा, शक्यतो एचडी किंवा एसडी यांतली एकच. वेळेची खिडकी बांधा, उदाहरणार्थ संध्याकाळी ६:३० ते १०:३०. वार बांधत असाल तर मध्यरात्रीचं भान ठेवा. 'शनिवारी रात्री साडेबाराचा चित्रपट' बॉक्सच्या लेखी रविवारचा असतो, आणि फक्त शनिवारचा नियम त्याला कधीच धरत नाही.

आधी-नंतरची सोडलेली वेळही पाहावी. मालिकेला आधी २ आणि नंतर १० मिनिटं पुरतात. पण एकाच वाहिनीवर लागोपाठ दोन कार्यक्रम रेकॉर्डिंगला असतील तर ही वाढीव मिनिटं एकमेकांवर येतात. बरेच बॉक्स अशा वेळी दोन ट्यूनर (वाहिनी पकडणारे भाग) अडकवतात आणि तिसरी वाहिनी बघायला गेलं की 'एक रेकॉर्डिंग थांबवा' म्हणून अडून बसतात.

फुटबॉल

फातोर्ड्याचा सामना असो की बाहेरचा, एफसी गोवाचे सामने नियमाने पकडणं मालिकेपेक्षा कठीण आहे. कार्यक्रमाच्या नावात कधी फक्त स्पर्धेचं नाव आणि वर्ष असतं, संघ वर्णनात. म्हणजे वर्णनात शोधता येत नसेल तर स्पर्धेच्या नावाने शोधून हातानेच निवडावं लागतं. वर्णनात शोधता येत असेल तर एफ-सी, जागा, जी-ओ-ए हा शब्द घ्या. बकऱ्यांचा प्रश्न आपोआप मिटतो.

त्यानंतर ठळक क्षणचित्रं आणि पुनःप्रक्षेपण गाळायचं. 'हे शब्द नकोत' असं सांगायची सोय फार थोड्या बॉक्समध्ये असते. त्याऐवजी कालावधी वापरा. सामना म्हणजे ४५ अधिक १५ अधिक ४५, १०५ मिनिटं झाली, वर भरपाईची वेळ. क्षणचित्रं तासाच्या आतली असतात. किमान कालावधी १०० मिनिटं ठेवला की ती गळतात. पूर्ण सामन्याचं पुनःप्रक्षेपण यातून सुटतं, ते वेळेच्या खिडकीने अडवा.

शेवटी सोडायची वेळ साखळी सामन्याला ३० मिनिटं ठेवा. बाद फेरीत ६० पेक्षा कमी नको. जादा वेळ ३० मिनिटांचा, त्यात मध्यंतर, आणि वर पेनल्टी. दहा मिनिटं सोडून निश्चिंत राहिलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग चौथी पेनल्टी मारायला खेळाडू चालत येतो तिथे संपतं.

संगणकावर करणाऱ्यांसाठी

डीडी फ्री डिशच्या खुल्या वाहिन्यांपुरतं बोलायचं तर बॉक्सच्या मर्यादा टाळता येतात. या वाहिन्या ज्यावरून येतात तो जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पणजीहून डिश आग्नेयेला, उत्तरेपासून १२७ अंशांच्या सुमाराला, आणि जमिनीपासून ६१ अंश वर. लागतं एवढंच: डीव्हीबी-एस२ चा (उपग्रहावरून वाहिन्या पकडणारा) यूएसबी ट्यूनर, एक रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक किंवा जुना संगणक, आणि टीव्हीहेडेंड ही रेकॉर्डिंगची मोफत प्रणाली. सशुल्क डीटीएचच्या वाहिन्या कूटबद्ध असतात, त्या यात येत नाहीत. तिथे कंपनीचाच बॉक्स हवा.

टीव्हीहेडेंडचं पान ब्राउझरमध्ये ९९८१ या पोर्टवर उघडतं. वेळापत्रकाच्या पानावर आधी शोध घ्या, यादी नीट बघा, आणि मगच 'ऑटोरेक', म्हणजे आपोआप रेकॉर्डिंगचा नियम, तयार करा. गाळण्या न लावता ते बटण दाबणं म्हणजे सगळंच रेकॉर्डिंगला लावण्याचा प्रकार. इथे नाव शोधताना नुसता शब्द न देता नमुना देता येतो. 'संगीत'साठी एस-ए-एन-जी लिहा, मग गोल कंसात दुहेरी ई, उभी रेघ आणि आय, कंस बंद, शेवटी टी. दोन्ही स्पेलिंगं एकाच नियमात आली. व्ही-डब्ल्यूचा घोळ असेल तिथे दोन्ही अक्षरं चौकटी कंसात टाका. गोव्यासाठी जी-ओ-ए च्या दोन्ही बाजूंना उलटी तिरपी रेघ आणि लहान बी लावा. ही शब्दाच्या कडेची खूण आहे. 'गोल' आणि 'गोट' दोन्ही एका फटक्यात बाहेर. पुष्कळजण सवयीने शब्दाच्या आधी नुसता तारा टाकतात. इथे ते चूक आहे, ताऱ्याआधी टिंब लागतं. खरं तर तेही नको, कारण नमुना मुळातच कुठूनही जुळतो.

वर्णनातही शोधायचं असेल तर पूर्ण मजकुराची खूण वेगळी लावावी लागते. ती लावली की किमान कालावधी जरूर भरा, नाहीतर पाच मिनिटांच्या बातमीपत्रांनी यादी भरून जाते.

दुबार रेकॉर्डिंग टाळायचे पर्याय इथे भरपूर आहेत, आणि चुकीचा निवडला तर नुकसानही तितकंच. 'वर्णन वेगळं असेल तरच रेकॉर्ड कर' हा दिसायला शहाणा पर्याय आहे. पण आपल्या मालिकांचं वर्णन महिनोन् महिने तेच चिकटवलेलं असतं. मग पहिला भाग रेकॉर्ड होतो आणि पुढचे सगळे दुबार समजून सोडले जातात. भागाचा क्रमांक येत नसेल तर त्यावर आधारलेला पर्यायही निरुपयोगी. रोजच्या मालिकेला 'दिवसातून एकदा' आणि साप्ताहिक कार्यक्रमाला 'आठवड्यातून एकदा' हेच चालतं. दिसायला ओबडधोबड, पण वर्णन लिहिणाऱ्यावर विसंबून नाही.

वेळापत्रक हवेतून नीट येत नसेल आणि एक्सएमएलटीव्ही या वेळापत्रकाच्या पद्धतीची फाइल बाहेरून घालत असाल, तर त्यातल्या वेळांना +०५३० जोडलेलं आहे ना ते बघा. नसेल तर सगळं वेळापत्रक साडेपाच तास सरकू शकतं. शोध बरोबर, नियम बरोबर, आणि रेकॉर्डिंगमध्ये भलताच कार्यक्रम, असं दिसलं की पहिला संशय यावर घ्यावा.

पावसाळा

कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत, आणि डीटीएच चालतं केयू बँड या लहरींच्या पट्ट्यावर, ज्याला जोरदार सर मानवत नाही. सर आली की चित्र जातं हे सगळ्यांना माहीत आहे. वेळापत्रकही त्याच वाटेने येतं, हे लक्षात राहत नाही. रात्रभर पाऊस पडला तर सकाळी वेळापत्रकाला भोकं पडलेली असतात, आणि नियम त्या भोकांतलं काही पकडत नाही. शोधात काही आलं नाही म्हणून शब्द बदलत बसण्याआधी सात दिवसांचं वेळापत्रक उघडून पुढच्या दोन-तीन दिवसांचे रकाने भरलेत का ते बघा.

वीज गेली तरी तसंच. लावलेली रेकॉर्डिंगं बहुतेक बॉक्समध्ये टिकतात, वेळापत्रक पुसलं जातं आणि नव्याने भरायला वेळ घेतं. पुष्कळ घरांत रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे. फ्रिजखेरीज सगळं बंद, सोबत बॉक्सही. रेकॉर्डर तेव्हा मेलेला असतो. त्याला रिमोटनेच झोपवावं, भिंतीवरून नाही. बरेच बॉक्स रात्री झोपेतच वेळापत्रक गोळा करतात. विजा कडाडताना मात्र प्लग काढणं भागच आहे, आणि डिशची केबलही काढावी. प्लग काढून केबल तशीच ठेवणं म्हणजे अर्धंच काम.

बॉक्सला बाहेरची डिस्क जोडली असेल तर तिची वीजही बघा. यूएसबी २.० च्या खाचेतून मानकाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात. छोटी पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त ओढू शकते. मग बॉक्स कधी डिस्क ओळखतो, कधी नाही, आणि वीज परत आल्यानंतर हे हमखास घडतं. स्वतःची वीज असलेला हब मधे लावला की हा लपंडाव थांबतो. इन्व्हर्टरवर टीव्ही नसला तरी चालेल, पण बॉक्स, डिस्क आणि हब तिघंही असू द्या.

आणि जून ते सप्टेंबर नियमांमधली वेळेची खिडकी जरा सैल करा, दुबारची बंदीही उठवा. संध्याकाळचा भाग सरीत वाहून गेला तरी 'दिवसातून एकदा'वाला नियम त्याला झालेला धरतो आणि रात्रीचा पुनःप्रसारित भाग सोडून देतो. पावसाळ्यात दोन प्रती राहू द्याव्यात, जागा गेली तरी. चवथीच्या सुमाराला गणपतीच्या खास कार्यक्रमांसाठी केलेले नियम अनंत चतुर्दशीनंतर आठवणीने काढून टाका. नाहीतर पुढे वर्षभर 'गणपत' नावाचं प्रत्येक पात्र तुमच्या डिस्कवर मुक्कामाला येत राहील.